निर्बंध शिथिल करताना विषाणूच्या नव्या प्रकाराचा माग कसा ठेवावा : कोल्हापूर जिल्ह्यासाठी मार्गदर्शक

राज्य सरकारने 7 जून 2021 पासून कोरोनाचे निर्बंध उठवण्यासाठी पाच स्तरांची पद्धत लागू केली (पहिल्या स्तरात सर्वाधिक मोकळीक, पाचव्यात सर्वांत कडक निर्बंध), तेव्हा कोल्हापूर जिल्हा चौथ्या स्तरात होता. पुढे 2 ऑगस्टला बऱ्याच जिल्ह्यांना मोकळीक मिळाली, तरी तिसऱ्या स्तरावर राहिलेल्या 11 जिल्ह्यांत कोल्हापूरचे नाव होतेच, आणि सांगली व साताराही सोबत होते. त्या संपूर्ण काळात दुकाने किती वाजेपर्यंत उघडी राहतील, लग्नाला किती माणसे चालतील, व्यायामशाळा सुरू होतील की नाही, हे सारे दोन आकड्यांवर ठरत होते. एक आठवड्याचा बाधित दर, म्हणजे शंभर चाचण्यांमागे किती जण पॉझिटिव्ह आले ते प्रमाण, आणि दुसरा भरलेल्या ऑक्सिजन खाटांची टक्केवारी. दोन्ही आकडे उपयोगाचे आहेत. मात्र दोन्ही एकूण साथीचे आकडे आहेत, आणि विषाणूचा कोणता प्रकार वाढतो आहे व कोणता ओसरतो आहे, हे त्यांतून कळत नाही.

हा लेख तेवढ्याच एका उणिवेविषयी आहे. पुढची साथ कोरोनाची असो, इन्फ्लूएंझाची असो की आणखी कशाची, निर्बंध सैल करण्याची वेळ आली की जिल्हा प्रशासन, तालुका आरोग्य अधिकारी, खासगी डॉक्टर, प्रयोगशाळांतले तंत्रज्ञ आणि सजग नागरिक यांनी नव्या प्रकाराचा माग कसा ठेवावा, हे क्रमाने मांडण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

आधी गणित समजून घ्या

एक काल्पनिक जिल्हा घ्या. पहिल्या आठवड्यात 1000 रुग्ण आहेत. त्यांपैकी 980 जणांना जुन्या प्रकाराची आणि 20 जणांना नव्या प्रकाराची लागण झालेली आहे. जुना प्रकार दर आठवड्याला 30 टक्क्यांनी घटतो आणि नवा 50 टक्क्यांनी वाढतो, असे धरा. दुसऱ्या आठवड्यात एकूण रुग्ण 716 होतात, तिसऱ्यात 525, चौथ्यात सुमारे 404, पाचव्यात 337 आणि सहाव्यात 317. सलग सहा आठवडे आकडा खाली येताना दिसतो, वर्तमानपत्रांत साथ ओसरल्याच्या बातम्या येतात आणि व्यापारी संघटना रास्तपणे सवलती मागू लागतात. सातव्या आठवड्यात आकडा 343 होतो, आठव्यात 420 च्या पुढे जातो, आणि मग सगळ्यांना वाटते की सवलत दिली म्हणून साथ उलटली.

प्रत्यक्षात नवा प्रकार पहिल्या आठवड्यापासूनच वाढत होता. एकूण रुग्णांमधला त्याचा वाटा 2 टक्क्यांवरून 4, मग 9, मग 17, मग 30 आणि सहाव्या आठवड्यात 48 टक्क्यांवर पोहोचला होता. घटणाऱ्या आलेखाखाली चढणारा आलेख दडलेला होता. दोन आलेख वेगळे काढले असते, तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच कल दिसला असता, आणि त्या आठवड्यांत रुग्णालये मोकळी होत असल्यामुळे तयारीला सवडही होती.

कोल्हापूरकरांना हे पटवून द्यायला फार सायास पडू नयेत. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी उतरत असली, तरी राधानगरीच्या पाणलोटात किती पाऊस पडतो आहे आणि धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले आहेत, हे पाहिल्याशिवाय येथे कोणी निर्धास्त होत नाही. इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट हे आधीच ठरलेले असते, आणि कोणत्या पातळीला कोणत्या गावातली माणसे हलवायची, हेही. साथीच्या बाबतीत आपल्याला अशीच वरच्या अंगाची खबर आणि असेच आधी ठरलेले टप्पे हवे आहेत.

पहिली पायरी : चाचण्या कमी होण्याआधी पाया पक्का करा

निर्बंध उठू लागले की चाचण्या घटतात, हा अनुभव सर्वत्र आला. प्रवासासाठी अहवाल मागणे बंद होते, कार्यालये प्रमाणपत्र विचारत नाहीत, लोक घरच्या घरी चाचणी करतात आणि तिची नोंद कुठेच होत नाही. 2021 मध्ये कर्नाटकात जाण्यासाठी कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआर अहवाल मागितला जात होता, तोपर्यंत निपाणी-बेळगावकडे जाणाऱ्या निरोगी माणसांच्या चाचण्याही आपल्या आकडेवारीत मिसळत होत्या. अशी अट उठली की चाचणी करून घेणाऱ्यांचा गटच बदलतो आणि बाधित दर विषाणूच्या कोणत्याही करामतीविना वर किंवा खाली जातो.

म्हणून सवलतींचा पहिला आदेश निघण्याच्या किमान तीन-चार आठवडे आधी जिल्ह्याने काही ठरावीक ठिकाणे निवडावीत आणि तेथील चाचण्यांचा नियम पुढे बदलू नये. फ्लूसारख्या आजाराची व्याख्या साधी आहे: गेल्या दहा दिवसांत सुरू झालेला, 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप आणि खोकला. याच तक्रारींसाठी रुग्णालयात दाखल करावे लागले, तर तो तीव्र श्वसनविकार धरला जातो आणि डॉक्टरमंडळी त्याला 'सारी' म्हणतात. निवडलेल्या प्रत्येक ठिकाणी सारीच्या प्रत्येक रुग्णाची आणि फ्लूसदृश रुग्णांपैकी ठरावीक संख्येची आरटीपीसीआर चाचणी दर आठवड्याला व्हावी. रॅपिड अँटिजेन आणि आरटीपीसीआर यांचे आकडे एकत्र करू नयेत. राज्याने 25 जून 2021 च्या आदेशात बाधित दर केवळ आरटीपीसीआरवरून काढण्याचे ठरवले ते योग्यच होते, कारण अँटिजेन चाचण्यांची संख्या वाढवली की एकूण दर आपोआप खाली दिसतो.

दुसरी पायरी : ठिकाणे निवडताना जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवा

कोल्हापूर जिल्ह्यात 12 तालुके आहेत आणि त्यांचे संपर्क वेगवेगळ्या दिशांना आहेत. चंदगड, गडहिंग्लज आणि आजरा यांचा रोजचा व्यवहार बेळगाव आणि गोव्याशी. शिरोळ आणि हातकणंगल्याचा सांगली-मिरजेशी. शाहूवाडीचा आंबा घाटातून रत्नागिरीशी आणि गगनबावड्याचा कोकणाशी. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर परप्रांतातून आलेले कामगार आहेत. गोकुळ शिरगाव, शिरोली आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत मालमोटारींची सततची ये-जा आहे. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात आणि हंगाम संपेपर्यंत कारखान्यांच्या परिसरात पालांवर राहतात. अंबाबाईच्या दर्शनाला राज्यभरातून आणि बाहेरूनही भाविक येतात. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर आणि दत्तभक्तांच्या वाऱ्यांना नृसिंहवाडीला गर्दी होते.

नमुने केवळ कोल्हापूर शहरातल्या सीपीआर या मोठ्या सरकारी रुग्णालयातून घेतले, तर हाती लागणारे चित्र शहराचे आणि गंभीर रुग्णांचे असेल. माझ्या मते किमान सहा ठिकाणे हवीत: सीपीआर, इचलकरंजीचे आयजीएम रुग्णालय, गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय, पश्चिमेकडच्या डोंगरी तालुक्यांपैकी एखादे ग्रामीण रुग्णालय, शहरातले एक मोठे खासगी रुग्णालय आणि गाळप हंगामात साखर कारखान्याजवळचे एखादे प्राथमिक आरोग्य केंद्र. खासगी रुग्णालयाला वगळू नये, कारण बाहेरगावाहून वा परदेशातून परतलेला माणूस बहुधा तेथेच जातो.

येथे एक काळजी घ्यावीच लागेल, कारण अनेक ठिकाणचे निष्कर्ष याच चुकीने फसतात. नमुने दोन प्रकारांनी गोळा होतात. एक, कसलीही निवड न करता घेतलेले, उदाहरणार्थ आठवड्यातल्या पॉझिटिव्ह नमुन्यांपैकी चिठ्ठ्या टाकून उचललेले. दुसरे, संशयावरून मुद्दाम निवडलेले: परदेशातून आलेला प्रवासी, लसीच्या मात्रा पूर्ण होऊनही गंभीर झालेला रुग्ण, पुन्हा लागण झालेली व्यक्ती, किंवा एकाच लग्नातून बाधित झालेली चाळीस माणसे. नवा प्रकार लवकर सापडावा यासाठी दुसऱ्या प्रकारचे नमुने मोलाचे असतात. पण त्या प्रकाराचा जिल्ह्यातला वाटा किती, हे केवळ पहिल्या प्रकारच्या नमुन्यांवरून सांगता येते. दोन्हींसाठी स्वतंत्र नोंदवह्या ठेवाव्यात आणि त्यांची बेरीज कधीही करू नये. एका लग्नातल्या चाळीस जणांचे नमुने सर्वसाधारण नमुन्यांत मिसळले, की एका रात्रीत जिल्ह्यात नवा प्रकार 'पसरतो'.

तिसरी पायरी : किती नमुने पुरेसे आहेत, हे ठरवा

नवा प्रकार एकूण रुग्णांच्या 5 टक्के असताना तो निदान एकदा तरी हाती लागेल याची 95 टक्के खात्री हवी असेल, तर निवड न केलेले 59 नमुने तपासावे लागतात. वाटा 10 टक्के असताना 29 पुरतात. 2 टक्के असताना पकडायचा असेल, तर सुमारे 150 लागतात आणि 1 टक्क्याला जवळजवळ 300. हे आकडे लोकसंख्येवर फारसे अवलंबून नसतात, त्यामुळे कोल्हापूर मुंबईपेक्षा लहान आहे म्हणून कमी नमुने चालतील, असा हिशेब करू नये.

देशात जनुकीय क्रमनिर्धारणासाठी, म्हणजे विषाणूचा जनुकीय मजकूर वाचून त्याचा प्रकार ओळखण्यासाठी, डिसेंबर 2020 मध्ये इन्साकॉग हे प्रयोगशाळांचे जाळे उभे राहिले. सुरुवातीला त्यात 10 प्रयोगशाळा होत्या, आणि पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था (एनआयव्ही) त्यांत होती. पुढे प्रहरी केंद्रांची, म्हणजे नियमितपणे नमुने पाठवणाऱ्या ठरावीक ठिकाणांची, पद्धत आली आणि प्रत्येक केंद्राने दर पंधरवड्याला 15 नमुने पाठवावेत, असे ठरले. वर सुचवलेल्या सहा ठिकाणांनी प्रत्येकी 15 नमुने पाठवले, तर पंधरवड्याला 90 होतात. म्हणजे 5 टक्क्यांच्या आसपास पोहोचलेला प्रकार जिल्ह्याच्या नजरेतून सहसा सुटणार नाही. एवढी क्षमता पुरेशी आहे आणि ती सातत्याने टिकवता येण्याजोगी आहे. एका महिन्यात 400 नमुने पाठवून पुढचे दोन महिने काहीच न पाठवणे याच्या तुलनेत निरुपयोगी ठरते.

आकड्यांतली अनिश्चितताही लिहून ठेवावी. 60 नमुन्यांपैकी 12 मध्ये नवा प्रकार सापडला, तर '20 टक्के' असे म्हणून थांबू नये. खरा वाटा 12 ते 32 टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. पुढच्या पंधरवड्यात 15 सापडले, म्हणजे वाढ झालीच असे या दोन आकड्यांवरून म्हणता येत नाही.

चौथी पायरी : स्वॅबपासून अहवालापर्यंतचा प्रवास

प्रत्येक पॉझिटिव्ह नमुन्याचे क्रमनिर्धारण होऊ शकत नाही. कोरोनाच्या विषाणूचा जनुकीय मजकूर जवळजवळ 29,900 अक्षरांचा आहे, आणि तो सलग वाचता यावा यासाठी नमुन्यात विषाणूचे पुरेसे प्रमाण लागते. त्याचा अंदाज आरटीपीसीआरच्या सीटी व्हॅल्यूवरून येतो. ही संख्या जितकी कमी, तितका विषाणू जास्त. 25 च्या आतले नमुने उत्तम. 25 ते 30 मधले बऱ्याचदा चालतात. त्यापुढचे पाठवून प्रयोगशाळेचा वेळ आणि किट वाया जातात. रुग्ण लक्षणांच्या पहिल्या चार-पाच दिवसांत आला, तर चांगला नमुना मिळण्याची शक्यता अधिक असते. आठवडाभर घरगुती उपाय करून मग स्वॅब देणाऱ्या रुग्णाचा नमुना पॉझिटिव्ह येतो, पण त्यावरून प्रकार ओळखता येईलच असे नाही.

स्वॅब विषाणूवाहक द्रावणात ठेवावा, 2 ते 8 अंशांत प्रयोगशाळेत पोहोचवावा आणि तीन दिवसांहून अधिक ठेवायचा झाल्यास उणे 70 अंशांखाली गोठवावा. चंदगडहून कोल्हापुरात नमुना येईपर्यंत शीतपेटीतला बर्फ वितळलेला असेल, तर पुढची सारी मेहनत फुकट जाते, म्हणून शीतपेटीत तापमापक ठेवणे आणि उतरवून घेताना तापमान लिहून घेणे हा नियमच करावा. वारंवार गोठवणे आणि वितळवणे टाळावे. तपासणी झालेला प्रत्येक पॉझिटिव्ह नमुना प्रयोगशाळेने किमान महिनाभर फेकू नये. मागे जाऊन शोध घ्यायची वेळ केव्हा येईल, हे आधी सांगता येत नाही.

सोबतच्या अर्जातली माहिती नमुन्याइतकीच महत्त्वाची असते. नमुना घेतल्याची तारीख, लक्षणे सुरू झाल्याची तारीख, वय, तालुका व गाव, गेल्या 14 दिवसांतला प्रवास, व्यवसाय, लसीच्या मात्रा व त्यांच्या तारखा, आधी लागण झाली होती का, दाखल करावे लागले का, आणि नमुना निवड न करता घेतला की संशयावरून, एवढे रकाने रिकामे राहता कामा नयेत. रिकामा रकाना पुढे भरता येत नाही. महिन्याभराने त्या रुग्णाला फोन केला, तर लस कोणत्या तारखेला घेतली हे त्याला आठवत नसते.

लवकर इशारा देणाऱ्या दोन वाटा

क्रमनिर्धारणाचा अहवाल हाती यायला दोन-तीन आठवडे सहज जातात. तोपर्यंत हात बांधून बसण्याची गरज नाही.

पहिली वाट आरटीपीसीआरच्या निकालातच असते. काही किट विषाणूच्या तीन जनुकांचा एकाच वेळी शोध घेतात आणि त्यांत काटेरी प्रथिनाचे एस जनुक असते. 2021 च्या डिसेंबरात येथे डेल्टाचे प्राबल्य होते, आणि डेल्टाच्या नमुन्यांत एस जनुक सापडत असे. ओमायक्रॉनच्या बीए.1 या उपप्रकारात एका ठरावीक जागी सहा अक्षरे गळालेली असल्यामुळे बाकीची दोन जनुके पॉझिटिव्ह आणि एस जनुक मात्र गायब, असा निकाल येऊ लागला. अशा निकालांची रोजची टक्केवारी मोजली, तर क्रमनिर्धारणाच्या आधीच अंदाज बांधता येतो. मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. आपल्याकडची अनेक किट एस जनुक तपासतच नाहीत. शिवाय ओमायक्रॉनच्याच बीए.2 उपप्रकारात ही गळती नव्हती, त्यामुळे बीए.1 ची जागा बीए.2 ने घेतली तेव्हा हा संकेत उलटा वाचण्याचा धोका निर्माण झाला. हा संकेत नेहमी थोड्याफार क्रमनिर्धारणाशी ताडून पाहावा.

दुसरी वाट सांडपाण्याची आहे, आणि तिच्याकडे आपल्याकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही असे मला मनापासून वाटते. बाधित माणसाच्या विष्ठेतून विषाणूचे जनुकीय अंश बाहेर पडतात, मग त्याला लक्षणे असोत वा नसोत, त्याने चाचणी केलेली असो वा नसो. चाचणी केंद्रे ओस पडली, तरी सांडपाणी वाहतच राहते. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी सांडपाण्यातून कोरोनाच्या प्रकारांचा माग काढण्याचे काम केलेले आहे; म्हणजे या कामाची जाण असलेली माणसे चार-पाच तासांच्या अंतरावर आहेत.

कोल्हापूर शहरात कसबा बावड्याचे 76 दशलक्ष लिटर क्षमतेचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि दुधाळीचे केंद्र ही नमुने घेण्याची स्वाभाविक ठिकाणे आहेत. प्रक्रियेआधीचे, आत येणारे पाणी घ्यावे. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, शक्य असल्यास 24 तासांत थोडे थोडे गोळा केलेले मिश्रण असावे. ते जमले नाही, तर रोजच्या ठरलेल्या वेळी सकाळी, वापर सर्वाधिक असताना घेतलेला एक लिटरचा नमुना चालतो. तो लगेच 4 अंशांवर ठेवावा. जयंती नाल्यासारख्या उघड्या प्रवाहातले पाणी पावसाळ्यात इतके पातळ होते की जूनपासून सप्टेंबरपर्यंत नुसत्या विषाणूच्या प्रमाणावरून काहीही ठरवू नये. त्यासाठी मिरचीवर्गीय पिकांवरचा एक निरुपद्रवी विषाणू सोबत मोजतात. माणसांच्या आहारातून तो विष्ठेत बऱ्यापैकी स्थिर प्रमाणात येत असल्यामुळे पाणी किती पातळ झाले आहे, हे त्यावरून कळते. सांडपाण्यातून मिळते ते अनेक माणसांकडून आलेल्या प्रकारांचे मिश्रण. कोण बाधित आहे हे त्यातून कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. ज्या गावांत गटारयोजनाच नाही, तेथे या पद्धतीचा उपयोग नाही, आणि जिल्ह्याचा मोठा भाग तसाच आहे. म्हणून ती प्रहरी केंद्रांची जागा घेऊ शकत नाही.

अहवाल आल्यावर तो कसा वाचावा

सर्वप्रथम प्रत्येक निकाल नमुना घेतल्याच्या तारखेखाली मांडा, अहवाल आल्याच्या तारखेखाली नव्हे. प्रयोगशाळेने साठलेले दीडशे नमुने एका दिवशी निकाली काढले, की अहवालाच्या तारखेनुसार आखलेल्या आलेखात स्फोट दिसतो आणि खालून वरपर्यंत घबराट पसरते. नमुन्याच्या तारखेनुसार मांडल्यावर शेवटचे दोन आठवडे नेहमी अर्धवट दिसतील. ते फिकट रंगात दाखवावेत आणि त्यांवरून निष्कर्ष काढू नये.

मग केवळ टक्केवारी न पाहता नव्या आणि जुन्या प्रकारांचे गुणोत्तर काढा. सुरुवातीच्या उदाहरणात पहिल्या आठवड्यात 980 जुन्यांमागे 20 नवे होते, म्हणजे 0.02, पुढे 0.044, 0.094 आणि 0.2. प्रत्येक आठवड्याला गुणोत्तर सुमारे 2.1 पट होते आहे. हा पटीचा आकडा तीन-चार आठवडे टिकून राहिला, तर नव्या प्रकाराला खरोखरच वरचढपणा आहे असे समजावे. निर्बंध सैल झाल्याने दोन्ही प्रकारांना सारखीच मोकळीक मिळते, त्यामुळे एकूण रुग्णसंख्या वाढली तरी हे गुणोत्तर केवळ सवलतींमुळे फारसे बदलत नाही. सवलतीमुळे झालेली वाढ आणि विषाणूमुळे झालेली वाढ वेगळी करण्याचे इतके सोपे साधन दुसरे नाही.

गुणोत्तर वाढलेले दिसले, तरी लगेच निर्णयावर येऊ नये. वाढ एकाच तालुक्यात आहे की निरनिराळ्या दिशांच्या तीन-चार तालुक्यांत आहे? एकाच कारखान्यातल्या किंवा एकाच वसतिगृहातल्या रुग्णांमुळे आकडा फुगला आहे का? बाहेरून येणाऱ्यांना वगळल्यावरही वाढ उरते का? शिरोळ, चंदगड आणि शाहूवाडी या एकमेकांपासून दूरच्या भागांत एकाच वेळी गुणोत्तर वाढत असेल, तर योगायोगाची शक्यता फार कमी राहते.

नुसते नाव ऐकून निर्णय घेऊ नयेत, हे 2021 च्या जूनने शिकवले. 21 जूनला राज्यात 'डेल्टा प्लस'चे 21 रुग्ण असल्याचे जाहीर झाले. सर्वाधिक रुग्ण शेजारच्या रत्नागिरीत होते, आणि त्या आठवड्याच्या शेवटी कोणताही जिल्हा तिसऱ्या स्तराच्या खाली जाणार नाही असा आदेश निघाला. सावधगिरी म्हणून तो समजण्यासारखा होता. पण डेल्टा प्लसने मूळ डेल्टाला मागे टाकून वेगळी लाट आणली नाही. उलट ओमायक्रॉनची माहिती दक्षिण आफ्रिकेने 24 नोव्हेंबर 2021 ला जागतिक आरोग्य संघटनेला दिली, 26 तारखेला तो चिंताजनक प्रकार ठरला, 2 डिसेंबरला भारतातले पहिले रुग्ण कर्नाटकात आणि 4 डिसेंबरला महाराष्ट्रातला पहिला रुग्ण कल्याण-डोंबिवलीत असल्याचे जाहीर झाले, आणि जानेवारीत देशभर लाट आली. दोन्ही वेळा नव्या प्रकाराचे नाव चर्चेत होते. फरक वाढीच्या वेगात होता, आणि तो वेग मोजूनच कळतो.

तीव्रता : हिला वेळ द्यावाच लागतो

प्रकार वेगाने पसरतो का, हे तीन-चार आठवड्यांत कळते. तो अधिक घातक आहे का, हे कळायला त्याहून वेळ लागतो, कारण लागण झाल्यापासून रुग्ण दाखल होईपर्यंत आठवडा-दहा दिवस आणि मृत्यूपर्यंत त्याहून अधिक काळ जातो. नव्या प्रकाराच्या पहिल्या शंभर रुग्णांत कोणी दगावले नाही, म्हणून तो सौम्य आहे असे जाहीर करू नये. ते शंभर जण बहुधा प्रवास करणारे तरुण असतात. वयोगट आणि लसीकरण सारखे असलेल्या रुग्णांची तुलना करावी: साठीपुढच्या, लस घेतलेल्या शंभर रुग्णांपैकी जुन्या प्रकारात किती दाखल झाले आणि नव्या प्रकारात किती. यासाठी दाखल झालेल्यांच्या क्रमनिर्धारणाची नोंद खाटांच्या नोंदींशी जोडलेली असावी. सौम्य प्रकारही तिप्पट माणसांना एकाच वेळी लागला, तर खाटा भरतात, हेही विसरू नये.

सवलती टप्प्याटप्प्याने आणि आधी ठरवलेल्या खुणांनुसार

एकाच दिवशी सर्व निर्बंध उठवले, तर कशामुळे काय झाले हे कधीच कळत नाही. दोन सवलतींमध्ये किमान तीन आठवडे असावेत, कारण लागण, लक्षणे, चाचणी आणि नोंद या साखळीला तेवढा वेळ लागतोच. 2021 मध्ये राज्यात 4 ऑक्टोबरला शाळा आणि 7 ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, मंदिरे उघडली. सगळे निर्बंध मात्र 2 एप्रिल 2022 ला, गुढीपाडव्याला उठले. शाळा आणि मंदिरे तीन दिवसांच्या अंतराने उघडल्यावर त्यांचे परिणाम वेगळे काढणे कोणालाही शक्य नसते. माझ्या मते खुल्या हवेतले व्यवहार आणि शाळा आधी, बंदिस्त जागेतली गर्दी त्यानंतर आणि यात्रा सर्वांत शेवटी, असा क्रम असावा. पन्हाळ्यावर फिरायला जाणाऱ्यांना अडवण्यात साथनियंत्रणाचा काही लाभ नाही.

थांबण्याच्या खुणा सवलती सुरू होण्याआधी लिहून जाहीर कराव्यात. माझा प्रस्ताव असा आहे: नव्या प्रकाराचे गुणोत्तर सलग तीन आठवडे दीडपटीहून अधिक वेगाने, किमान तीन तालुक्यांत वाढले, तर पुढची सवलत लांबणीवर टाकावी, मात्र आधी दिलेली काढून घेऊ नये. त्यासोबत सारीचे दाखल रुग्ण दोन आठवडे वाढत असतील, तर बंदिस्त गर्दीवर मर्यादा आणावी, ऑक्सिजन साठा तपासावा आणि वृद्धांच्या राहिलेल्या मात्रा पूर्ण कराव्यात. गुणोत्तर वाढूनही दाखल रुग्ण वाढत नसतील, तर सवलती सुरू ठेवून चाचण्या दुप्पट कराव्यात. सण, निवडणूक किंवा दबाव पाहून या खुणा मध्येच बदलल्या, तर पुढच्या वेळी लोक कोणताच आकडा मानणार नाहीत.

आपत्तीसाठी वेगळी तरतूद हवी. 2021 च्या जुलैत महापूर आला तेव्हा साथ चालू होती आणि हजारो माणसे निवारा केंद्रांत एकत्र राहिली. शिरोळ आणि करवीर तालुक्यांतल्या निवारा केंद्रांत फ्लूसदृश रुग्णांच्या चाचणीची सोय आणि त्यांच्यासाठी वेगळी खोली, हे पूरनियंत्रणाच्या आराखड्यातच लिहिलेले असावे.

लोकांना काय सांगायचे आणि काय नाही

दर आठवड्याला ठरलेल्या वारी एक पानी पत्रक निघावे: किती नमुने, कोणत्या तारखांचे, कोणत्या तालुक्यांतले, नव्या प्रकाराचा वाटा किती ते किती टक्के, आणि सवलतींच्या खुणांपासून जिल्हा किती दूर आहे. रुग्णाचे नाव, गल्ली, कारखाना किंवा टोळी त्यात कधीही नसावी. पहिल्या साथीत ज्या घरांवर पाट्या लागल्या, त्या घरांना गावाने कसे वागवले हे सर्वांनी पाहिले आहे. ऊसतोड मजुराला चाचणीनंतर मजुरी बुडण्याची वा पाल हलवावे लागण्याची भीती असेल, तर तो चाचणी टाळेल, आणि तो टाळू लागला की आपली पाहणी त्याच भागात आंधळी होईल. विलगीकरणाच्या दिवसांची मजुरी आणि शिधा कारखान्याने देण्याचे हंगामाआधीच लेखी ठरवून घ्यावे. आशाताईंनी पालावर जाऊन चाचणीला बोलावण्याआधी हे लेखी आश्वासन मुकादमाला दाखवावे.

सारे निर्बंध उठल्यावरही हे काम पूर्ण थांबवू नये. प्रहरी केंद्रे सहावरून तीनवर आणावीत, सांडपाण्याचा नमुना आठवड्यातून एकदा घ्यावा आणि निवड न केलेले निदान 30 नमुने दर पंधरवड्याला पाठवावेत, म्हणजे 10 टक्क्यांपर्यंत पोहोचलेला कोणताही नवा प्रकार पंधरवड्याभराच्या नमुन्यांत बहुधा सापडेल. उरलेले पॉझिटिव्ह नमुने तालुका आणि तारखेची चिठ्ठी लावून उणे 80 अंशांच्या शीतकपाटात ठेवावेत, त्या कपाटाला जनरेटरची जोडणी असावी, आणि वीज गेल्यास रात्री कोणाला फोन करायचा तो क्रमांक कपाटाच्या दारावर लिहिलेला असावा.